टबखालची गळती : आधी जागा शोधा, मग सिलिकॉन

टबखालून पाणी गळत असेल तर ट्रॅपच्या (टबखालच्या सांडपाण्याच्या वाकड्या पाईपच्या) नटावर बाहेरून सिलिकॉन फासण्याचा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. तिथे पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. बाहेरचा लेप थोडे दिवस टिकतो आणि पुढच्या वेळी नट खोलणं अवघड करून ठेवतो.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते बघा. सगळे जोड कोरडे पुसा, प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळा. बूच लावून टब भरा आणि थांबा. पाणी नुसतं साठलेलं असताना कागद भिजला तर दोष टबच्या तळाच्या जाळीखालच्या सीलमध्ये. पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी वाहून जाण्याच्या) भोकाशी पोचल्यावरच गळलं तर तिथलं गॅस्केट, म्हणजे रबरी सील, गेलंय. बूच काढल्यावरच थेंब आले तर ट्रॅप किंवा त्याचे जोड. अंघोळीच्या वेळीच गळत असेल तर टबच्या कडेचं सीलही तपासा, बऱ्याचदा चोर तिथे असतो.

ट्रॅपचा वॉशर चपटा किंवा कडक झाला असेल तर बदलाच. बसवताना पाईप सरळ आत जायला हवा. तिरका बसला की नट कितीही आवळा, गळणारच. प्लॅस्टिकचा नट हाताने घट्ट करा, फार तर किंचित पान्याने. जास्त जोर लावला तर आटे जातात.

जाळीखाली नवीन सिलिकॉन भरलंत तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या. नंतर टब काठोकाठ भरून एकदम सोडा, खरी परीक्षा तीच. आणि केसांसाठी गाळणी लावाच, म्हणजे तुंबलं म्हणून ट्रॅप सारखा खोलावा लागणार नाही.