मदत हवी आहे : ‘ईच अदर’ आणि ‘वन अनदर’
नववीच्या मुलांना इंग्रजीतील परस्परवाचक सर्वनामे शिकवताना जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि त्याहून अधिक जणांसाठी ‘वन अनदर’ हा नियम आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत ठामपणे दिलेला असतो. परंतु इंग्रजीच्या वापरावरील प्रसिद्ध कोशाचे कर्ते फाउलर यांनी तो १९२६ सालीच निराधार ठरवला होता आणि चांगले इंग्रजी लेखकही तो काटेकोरपणे पाळत नाहीत. अशा स्थितीत ‘द फोर ब्रदर्स हेल्प ईच अदर’ असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापावेत का? मला तरी तो अन्याय वाटतो. शिवाय ‘दे व्हिजिटेड ईच अदर्स’ यापुढे ‘हाउस’ हे एकवचन यावे की ‘हाउसेस’ हे अनेकवचन? अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी येते, एवढे निश्चित, वचनाबाबत मात्र कृपया उदाहरणांसह खुलासा करावा.