सत्तर हजारांचा म्युझिक प्लेअर खरंच जास्त चांगला वाजतो का?

विश्रामबाग
भाच्याला पुण्यात नोकरी लागली. परवा सांगलीला आला तो सोनीचा एनडब्ल्यू-झेडएक्स७०७ घ्यायचं पक्कं करूनच. भारतात हा प्लेअर आला तेव्हा किंमत ६९,९९० रुपये होती. पोरगा मनापासून ऐकणारा आहे, एक राग लावला की तासभर जागचा हलत नाही. त्याच्या हौसेला नावं ठेवायची नाहीत मला. पण हे पैसे आवाजासाठी जातायत असं तो धरून चाललाय, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

सीडी १९८२ साली बाजारात आली. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४४,१०० मापं, प्रत्येक माप १६ बिटचं. एवढ्यात २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पूर्ण मावतं, आणि माणसाचा कान त्याच्या वर जात नाही. पन्नाशीपर्यंत तर बहुतेकांची मर्यादा १५ च्याही खाली येते. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझोल्युशन, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचा, आवाज एकदा थेट ऐकवायचा, एकदा सीडीच्या दर्जातून काढून ऐकवायचा, आणि कुठला कुठला ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. पाचशेच्या वर चाचण्या झाल्या. बरोबर उत्तरं जवळपास निम्मी, म्हणजे नुसत्या अंदाजाने येतील तेवढीच.

ॲपलचं हजारभर रुपयांचं डाँगल (फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावून वायरचा इअरफोन जोडायची छोटी डबी) फोनला लावा, त्याला चांगला इअरफोन जोडा. उरलेल्या पैशात मिरजेतून तानपुरा येईल. भाचा ऐकत नाही. तुम्ही बोला.

नादखुळा
काका, मुद्दा सीडीचा नाहीच. सीडीच्या दर्जाचीच फाईल घ्या, ती कानापर्यंत पोचते कशी ते बघा की. आजच्या बहुतेक फोनना इअरफोनचा जॅकच नाही, त्यामुळे लोक ब्लूटूथवर ऐकतात. म्हणजे फाईल पुन्हा एकदा दाबली जाते. एलडॅक हा ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायचा सोनीचा कोडेक चालला तरी सेकंदाला ९९० किलोबिटच्या वर जात नाही, आणि गर्दीच्या ठिकाणी तोही खाली उतरतो.

आता तुमचं डाँगल. आयफोनवर ठीक आहे. बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनवर तेच डाँगल एवढं हळू वाजतं की आवाज पूर्ण वर करूनही जुन्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण नीट ऐकू येत नाही. माझ्याकडे ३०० ओहमचा सेनहायझर हेडफोन आहे. त्यावर विलंबित ख्याल ऐकायचा तर मागे ताकद लागते.

तिसरी गोष्ट, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या स्वतःच्या आतला विजेला होणारा अडथळा. एकेका कानात तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे छोटे स्पीकर, असलेले इअरफोन असतात. प्लेअरचा इम्पिडन्स जास्त असला तर त्यांचा स्वभावच बदलतो, कुठे खालचे सूर फुगतात, कुठे वरचे दबतात. इअरफोन १६ ओहमचा असेल तर प्लेअर २ ओहमच्या आत पाहिजे. हे मोजता येतं, मनाचे खेळ नाहीत. चांगला प्लेअर हे सगळं एका डबीत देतो, त्याचे पैसे पडणारच.

विश्रामबाग
तिन्ही मुद्दे खरे आहेत, पण एकालाही सत्तर हजार लागत नाहीत. डाँगल हळू वाजत असेल तर तीन-चार हजारांत दुसरं मिळतं, ते कुठल्याही फोनवर मोकळं वाजतं. १ ओहमच्या आतला आउटपुट त्याच किमतीत येतो. सेनहायझर एचडी ६०० घ्या: १ व्होल्ट दिला की साधारण ९७ डेसिबल आवाज येतो. हळू ध्वनिमुद्रणासाठी त्याच्या दुप्पट व्होल्टेज धरा, तेही छोटं डाँगल देतं.

वाईट प्लेअरपेक्षा चांगला प्लेअर चांगला, यावर आपलं भांडणच नाही. माझा प्रश्न पाच हजार आणि सत्तर हजार यांच्या मधल्या जागेचा आहे. तिथे कानाला काय मिळतं, एवढंच सांगा.

जवारी
मी मिरजेचा. घरात वाद्यांचं काम. ‘कानाला कळत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही म्हणून लिहितोय.

तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार उघडताना, काय होतं ते सांगतो. घोडीचा माथा कानसीने घासायचा, अगदी नखाएवढी जागा. तार चढवायची, छेडायची. घोडी आणि तार यांच्या मध्ये सुती दोरा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. आवाज बंद असतो तो एका जागी उघडतो आणि तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं, त्याला पुष्कळदा आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच वाटतो. कारागिराला पहिल्या छेडीला कळतं. ते कळायला वर्षानुवर्षं एकाच कामाला बसावं लागतं.

म्हणून रस्त्यावरच्या चार माणसांना गोळा करून घेतलेल्या चाचणीवर मी विसंबणार नाही. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितले. सरसकट बरोबर उत्तरं ५२ टक्क्यांच्या आसपास होती, पण ज्यांना आधी सराव दिला होता त्यांची ६० च्या घरात गेली. कान तयार होतो. ज्याचा झालाय त्याला महाग वस्तू घेण्यापासून का अडवायचं?

विश्रामबाग
जवारीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दशः मान्य, आणि माझं म्हणणं त्यातूनच उभं राहतं. दोरा सरकवल्यावर तारेतून निघणारे वरचे स्वर बदलतात. हा बदल मोठा आहे, आलेखावर दिसतो, आणि २० किलोहर्ट्झच्या कितीतरी खाली घडतो. म्हणजे सीडीत तो येतो, साध्या डाँगलमधून येतो, बऱ्या इअरफोनमधून कानात पोचतो. तुमच्या कारागिराला डोळे मिटायला सांगा, तरीही तो ओळखेल. मग प्लेअरही डोळे मिटून ओळखून दाखवावा, मला एवढंच हवंय.

रीस यांच्या आकड्यांबद्दल: ते प्रयोग सीडीच्या दर्जाचा आवाज आणि त्याच्या वरचा आवाज यांच्या तुलनेचे आहेत, स्वस्त आणि महाग प्लेअरच्या तुलनेचे नाहीत. आणि सराव केलेल्यांनाही दहातल्या चार वेळा ओळखता आलं नाही, हे त्याच आकड्यात आहे.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं गाणं आपल्याकडे आलं ते तीन-तीन मिनिटांच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून. भाच्याच्या यादीत सगळ्यात वर तेच आहेत. त्या खरखरीत सत्तर हजारांचा प्लेअर नवीन काय भरणार? तबकडी कुणी, कुठल्या सुईने उतरवली, वेग बरोबर ठेवला का, यावर सगळं ठरतं. एकच राग दोन वेगवेगळ्या सीडींवर अर्धा स्वर वर-खाली ऐकलाय मी. पैसे घालायचे तर चांगल्या प्रती शोधण्यात घाला.

मांडववाला
गणपतीपासून नाटकापर्यंत साउंड लावायचं काम करतो. या भांडणात एक गोष्ट कुणी बोललंच नाही: आवाजाची पातळी. दोन प्लेअर शेजारी ठेवले आणि एक अर्धा डेसिबल जरी मोठा वाजला, तर माणूस म्हणतो हा ‘मोकळा’ आहे, ‘भरीव’ आहे. मोठा आहे असं कुणी म्हणत नाही. दुकानात ऐकून घेतलेले निम्मे निर्णय इथेच फसतात.

तुलना करायची तर अशी करा. दोन्ही प्लेअरवर १०० हर्ट्झचा सलग सूर लावा. १ किलोहर्ट्झचा नको, साध्या मल्टीमीटरला तो नीट झेपत नाही. हेडफोन जोडलेला ठेवूनच मीटर एसीवर टाकून दोन्हीकडचं व्होल्टेज मोजा. ६ टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा डेसिबल. १ टक्क्याच्या आत आणायचं. प्लेअर टॉवेलखाली. बदलणारा माणूस वेगळा, आणि त्याने ऐकणाऱ्याशी बोलायचं नाही. एवढं करून फरक कळला तर मी स्वतः मानीन.

कृष्णाकाठ
निल यंग या गायकाचा पोनो प्लेअर आठवतो का? २०१४ मध्ये लोकांनी आगाऊ ६० लाख डॉलरच्या वर दिले, बाजारातली किंमत ३९९ डॉलर. पुढच्या वर्षी डेव्हिड पोग या पत्रकाराने आयफोनशी लपवून तुलना केली, तर लोकांनी पोनोला सरस ठरवलं नाही. २०१७ पर्यंत गाशा गुंडाळला. विश्रामबाग यांच्याशी सहमत.

नादखुळा
@कृष्णाकाठ, तेव्हाच्या आयफोनला जॅक होता आणि त्याचा आउटपुट चांगला होता. आजच्या फोनशी ती तुलना लागू होत नाही.

@विश्रामबाग, काका, डाँगल खिशात ठेवून एसटीने पुण्याला जाऊन बघा. वायर मुरगळते, जोड ढिला होतो, फोनची बॅटरी उतरते, कराडच्या पुढे गाणं थांबतं. सगळं आकड्यांत बसवायचं म्हटलं तर हातात धरायच्या वस्तूचं सुख कुठे मांडायचं? सोनीने २०१६ मध्ये डब्ल्यूएम१झेड काढला, तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेला, वर सोन्याचा मुलामा, ४५५ ग्रॅम. मी तो घेणार नाही, पण ज्याने बनवला त्याने जीव ओतून बनवलाय. भाच्याला तसं काही आवडलं तर तो गुन्हा नाही.

विश्रामबाग
गुन्हा नाहीच. ‘आवडला म्हणून घेतला’ असं तो म्हणाला तर मी या क्षणी गप्प बसेन. ‘यातून जास्त ऐकू येतं’ असं म्हणून घेतो, तिथे मला बोलावंच लागतं.

गायनवर्ग
सांगलीत मुलींना गाणं शिकवते. माझा अनुभव तुम्हा दोघांच्याही बाजूचा नाही.

माझ्या विद्यार्थिनी तानपुरा ॲपवर लावतात आणि फोनच्या स्पीकरवर ऐकतात. काळी एकच्या पट्टीत खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. तो त्या स्पीकरमधून निघतच नाही, मुली वरच्या झणकारावर गातात आणि षड्ज टेकत नाही. त्यांना मी साधा वायरचा इअरफोन लावायला सांगितला, तोही बाजारातला हजाराच्या आतला. आठवडाभरात फरक दिसला. आवाजात खरी उडी आहे ती इथे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. या उडीबद्दल कुणी धागे काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

वेगळा प्लेअर मात्र मी वापरते, जुना आहे, स्वस्तातला. मारव्याचा आलाप चालू असताना मध्येच बँकेचा मेसेज वाजला की बैठक मोडते, म्हणून. पण झेडएक्स७०७ ॲन्ड्रॉइडवर चालतो. त्यात सगळी ॲप टाकली तर तोही फोनच झाला. भाच्याला शांतता हवी असेल तर सत्तर हजारांत ती मिळेलच असं नाही.

जवारी
ताई, खर्जाचं अगदी बरोबर. तरीही सांगतो, कान तयार असलेल्या माणसाला चाचणीला बसवा, मग बोला.

नादखुळा
माझा प्लेअर चाळीस हजारांचा आहे. भाचा पुढच्या वेळी सांगलीला आला की घेऊन येतो. काकांनी डाँगल आणावं. जवारी, तुम्ही मिरजेहून या, तुम्हीही कान लावा.

विश्रामबाग
येतो. अट एकच: १६ वेळा ऐकायचं आणि निदान १२ बरोबर यायला हवीत. नुसत्या अंदाजाने तेवढी येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली आहे. भाच्याने १२ गाठली तर सत्तर हजारांना माझी हरकत संपली.

जवारी
गाणं मी ठरवणार. नुसत्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण पाहिजे, मागे तबला नको.

मांडववाला
चालेल. मीटर आणि १०० हर्ट्झची फाईल माझ्याकडे. हेडफोन भाच्याने स्वतःचा आणावा, ज्यावर तो रोज ऐकतो तोच.