चोर सोडून संन्याशाला फाशी? हंगाम संपताना बेसबॉल मॅनेजरांच्या नोकऱ्या

फोस्टरसिटीकर | २६ सप्टेंबर २०२५

तीन सामने उरलेत आणि इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर खेळाबद्दल कोणी बोलतच नाही. विषय एकच, इथल्या जायंट्स संघाचा मॅनेजर बॉब मेल्विन राहणार की जाणार. जायंट्स ७८ जिंकले, ८१ हरले, प्ले-ऑफ हातचे गेले. दरवर्षी सप्टेंबर संपत आला की हे सुरू होते. ज्या गावचा संघ हरला, त्या गावात मॅनेजरचे दिवस मोजायला लागतात.

फक्त क्रिकेट बघणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच नव्हे. आपला कप्तान मैदानात उभा राहून जे ठरवतो ते इथे मॅनेजर डगआऊटमधून ठरवतो. कोण कितव्या नंबरला बॅटिंग करणार, पिचर (म्हणजे आपला बॉलर) कधी बदलायचा, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचे. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, म्हणजे निर्णय चुकला की चुकला. असे १६२ सामने, सहा महिन्यांत. पण कोणाला घ्यायचे, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचे, पगारावर किती पैसे घालायचे, यातले काहीच त्याच्या हातात नसते. ते वरच्या मजल्यावर ठरते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे, मेल्विनला काढू नये. जूनच्या मध्यावर हा संघ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सच्या बरोबरीने पहिल्या जागेवर होता. १ जुलैला व्यवस्थापनाने त्याचा २०२६ चा करार पक्का केला. जुलै संपता संपता त्याच व्यवस्थापनाने टायलर रॉजर्स आणि कॅमिलो डोव्हाल हे शेवटच्या इनिंगचे दोन भरवशाचे पिचर दुसऱ्यांना देऊन टाकले.

त्यानंतर एका संध्याकाळी मुलीला घेऊन ओरॅकल पार्कला, जायंट्सच्या मैदानावर, गेलो होतो. आठवी इनिंग. खाडीवरचे सीगल पक्षी वर घिरट्या घालायला लागले होते, उरलेसुरले खायला ते त्याच सुमारास येतात. मेल्विन डगआऊटमधून निघाला, खाली मान घालून सावकाश माउंडपर्यंत, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापर्यंत, गेला आणि नुसता हात पुढे केला. पिचरने चेंडू त्या हातावर ठेवला, त्याच्याकडे न बघता निघून गेला. सगळे स्टेडियम हुर्यो करत होते, आणि ते मेल्विनला उद्देशून. मुलगी विचारते, "बाबा, बॉल तर त्याने टाकलाच नव्हता ना?" मला उत्तर सुचले नाही. खापर फोडायला एक डोके लागते, आणि गणवेश घालून सर्वांसमोर उभे राहणारे डोके मॅनेजरचेच असते.

---

फिलीतला_नाशिककर | २६ सप्टेंबर

प्रसंग तुम्ही मनापासून लिहिलात, पण निष्कर्ष पटला नाही.

मी फिलाडेल्फियात राहतो. ३ जून २०२२ ला फिलीजनी जो जिरार्डीला काढले तेव्हा संघ २२-२९ (म्हणजे २२ विजय, २९ पराभव) होता. रॉब थॉमसन आला. खेळाडू तेच, पगार तेच, मालकही तोच. पुढचे सामने ६५-४६ आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे सात सामन्यांपर्यंत चालणारी अंतिम लढत. हे कशाने झाले? २००३ च्या मे महिन्यात फ्लोरिडा मार्लिन्सनी १६-२२ वर जेफ टॉरबोर्गला काढून जॅक मॅकीऑनला आणले. माणूस ७२ वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये यांकीजना हरवून त्याने वर्ल्ड सिरीज जिंकली. मॅनेजर बदलून काही होत नाही असे म्हणणाऱ्याने या दोन वर्षांचा हिशेब द्यावा.

मॅनेजरची खरी कामगिरी त्या आठव्या इनिंगमध्ये नसतेच. दीड-दोन महिने हरत असलेल्या पंचवीस-सव्वीस माणसांना रोज दुपारी दोनला मैदानावर आणून सरावाला जुंपणे, दहा मिलियनवाल्याला आणि काल मायनर (खालच्या) लीगमधून आलेल्या पोराला एकाच तराजूत तोलणे, हे त्याचे काम. ते जमेनासे झाले की माणूस वाईट ठरत नाही, पण बदलावा लागतो.

---

नागपुरी_संत्रे | २७ सप्टेंबर

बेसबॉल मला जेमतेम कळतो, पण हा प्रश्न आमच्या चांगल्याच ओळखीचा. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली, पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. लगेच पंडितांना निरोप. ते आमच्या विदर्भाकडे आले आणि ज्या संघाने रणजी करंडक कधी पाहिला नव्हता त्याने तो लागोपाठ दोनदा उचलला. पुढे ते मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात खुद्द मुंबईला हरवले. विदर्भाच्या त्या पहिल्या विजयाच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात फटाके फुटले होते. तेव्हापासून 'प्रशिक्षकाने काय फरक पडतो' हे वाक्य माझ्यासमोर कोणी काढत नाही.

पण हे उदाहरण कोणाच्या बाजूचे, ते तुम्हीच ठरवा. मला तर दोन्हीकडचे वाटते. माणसाने फरक पडतो, म्हणूनच घाईने काढलेला माणूस दुसऱ्याच्या घरात दिवा लावतो.

---

मंजिरी_मिनेसोटा | २९ सप्टेंबर

काल हंगाम संपला आणि आज दुपारपर्यंत निकाल लागला. जायंट्सनी शेवटचे तिन्ही सामने जिंकून ८१-८१ केले, तरी मेल्विन गेला. आमच्या मिनेसोटाच्या ट्विन्सनी रॉको बाल्डेलीला काढले, ७०-९२. टेक्सासमध्ये ब्रूस बोची बाहेर. बोचीने २०२३ मध्ये त्यांना त्यांची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती, याला दोनच वर्षे झाली.

मला बाल्डेलीबद्दल बोलायचेय, आणि जरा रागानेच बोलणार आहे. २००४ ते २०२३ या काळात ट्विन्स प्ले-ऑफमध्ये सलग १८ सामने हरले होते. इथे लहानाची मोठी झालेली मुले होती, ज्यांनी आपल्या संघाला प्ले-ऑफचा एक सामना जिंकताना पाहिले नव्हते. तो शाप बाल्डेलीच्या संघाने मोडला. त्या रात्री आमच्या शेजारचे सत्तरीचे आजोबा अंगणात येऊन रडले.

आणि यंदा जुलैअखेर मालकांनी काय केले? दहा खेळाडू वाटून टाकले. कार्लोस कोरेआ ह्यूस्टनला, जोहान डुरान फिलाडेल्फियाला (नाशिककर, तुमच्याकडे), जॅक्स, व्हारलँड, स्टुअर्ट, कूलोम्ब सगळे गेले. बुलपेनमधले, म्हणजे सामन्यात मागाहून येणारे, पाच मुख्य पिचर दोन दिवसांत नाहीसे! घरातली भांडी विकायची आणि वर सुनेला विचारायचे, स्वयंपाक का नाही झाला. हा कुठला न्याय?

---

फिलीतला_नाशिककर | २९ सप्टेंबर

मंजिरीताई, ट्विन्सच्या मालकांच्या वागण्याचे समर्थन मी करणार नाही. ती विक्रीच होती. पण आधीचे वर्षही बघा ना. २०२४ च्या ऑगस्टच्या मध्यावर प्ले-ऑफ जवळजवळ हातात होते, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत संघ कोसळला. तेव्हा कोणी विकले नव्हते. दोन हंगाम लागोपाठ शेवट बिघडतो तेव्हा मॅनेजरकडे बोट जाणारच.

आणि यंदाचेच आकडे घ्या. बाल्टिमोरने ब्रँडन हाइडला मेमध्ये १५-२८ वर काढले, पुढे ६०-५९. पिट्सबर्गने डेरेक शेल्टनला १२-२६ वर काढले, पुढे ५९-६५. दोन्हीकडे फरक पडला.

---

फोस्टरसिटीकर | ३० सप्टेंबर

आकडे बरोबर, पण अर्धेच दिलेत. कोलोराडोने बड ब्लॅकला ७-३३ वर काढले. पुढे ३६-८६, एकूण ११९ पराभव. वॉशिंग्टनने डेव्ह मार्टिनेझला ३७-५३ वर काढले, पुढे २९-४३, म्हणजे आधीपेक्षाही किंचित खाली. जिथे मुळात संघ बरा होता आणि नुसती सुरुवात बिघडली होती तिथे सुधारला. जिथे संघच नव्हता तिथे काही झाले नाही. १२-२६ च्या वेगाने कोणताही बरा संघ सहा महिने हरत नाही, तो थोडाफार वर येतोच. त्याचे श्रेय नव्या माणसाला देणे म्हणजे पाऊस पडल्यावर कालच बदललेल्या पुजाऱ्याला नमस्कार करण्यासारखे.

मार्टिनेझचे नाव निघालेच आहे तर २०१९ आठवा. मे महिन्यात त्याचा वॉशिंग्टन नॅशनल्स संघ १९-३१. त्याला हाकला म्हणून सगळे ओरडत होते. मालक थांबले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. थांबायची किंमत कोणी मोजतच नाही, कारण बहुतेक ठिकाणी कोणी थांबतच नाही.

---

चाकण_दुसरी_पाळी | १ ऑक्टोबर

मी कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, बेसबॉल रात्रपाळीनंतर मोबाईलवर बघतो. पूर्वी जिथे होतो तिथे वरच्यांनी स्वस्त माल घ्यायला लावला, मी दोनदा लेखी कळवले, पार्ट रिजेक्ट व्हायला लागले आणि घरी मी गेलो. म्हणून बाल्डेलीचे वाचून पोटात तुटले.

तरीपण एक सांगू का? माझ्या जागी जो आला त्याने लाइनवरच्या पोरांशी बसून जेवायला सुरुवात केली. मी ते कधी केले नव्हते. पोरे आजही त्याचे नाव काढतात. अन्याय माझ्यावर झाला हेही खरे, आणि तो माझ्यापेक्षा चांगला निघाला हेही खरे. हे मला कबूल करायला तीन वर्षे लागली.

---

नागपुरी_संत्रे | १ ऑक्टोबर

चाकण, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

---

फिलीतला_नाशिककर | ४ ऑक्टोबर

एका निर्णयावरून काढणे योग्य का, यावर मला तरी रेड सॉक्सचा मॅनेजर ग्रेडी लिटल याचे प्रकरण सगळ्यात अवघड वाटते. २००३, बॉस्टनचे रेड सॉक्स विरुद्ध न्यू यॉर्कचे यांकीज, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीतला सातवा सामना, आठवी इनिंग, रेड सॉक्स ५-२ ने पुढे. वर्ल्ड सिरीज पाच आऊटवर. त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला आहे हे घरात टीव्हीसमोर बसलेल्यांना दिसत होते. लिटल माउंडवर गेला, पेड्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. थोड्याच वेळात ५-५. अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन बूनने होम रन (आपली सिक्सर समजा) मारली, खेळ खलास. लिटलचा करार पुढे वाढवला नाही. टेरी फ्रँकोना आला आणि २००४ मध्ये वर्ल्ड सिरीजचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपला.

लिटलने त्या वर्षी ९५ सामने जिंकले होते. तरी मी म्हणेन निर्णय बरोबर होता. त्या रात्री त्याच्याकडून जे अपेक्षित होते ते फक्त त्याच्याच हातात होते, वरच्या मजल्यावर कोणाच्या नाही. मॅनेजरला पगार त्या एका मिनिटासाठी असतो.

---

फोस्टरसिटीकर | ५ ऑक्टोबर

लिटलबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. तिथे दोष आणि शिक्षा एकाच माणसाच्या वाट्याला आली. माझा झगडा मेल्विनसारख्यांसाठी आहे, ज्यांचे असे एकही मिनिट कोणी दाखवू शकत नाही. तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम मॅनेजर ठरलेला माणूस. १ जुलैला जो पुढच्या वर्षासाठी योग्य होता तो २९ सप्टेंबरला अयोग्य कशाने झाला, एवढेच कोणी सांगावे.

---

मंजिरी_मिनेसोटा | २ नोव्हेंबर

महिन्याने येतेय. दरम्यान जायंट्सनी टेनेसी विद्यापीठाचा टोनी व्हिटेलो घेतला, जो व्यावसायिक बेसबॉलमध्ये कधी खेळला नाही की कोच नव्हता. आमच्याकडे शेल्टन आलाय, मेमध्ये पिट्सबर्गने काढलेला तोच. २०१९ मध्ये तो इथेच बाल्डेलीच्या हाताखाली होता.

पण काल रात्रीचा वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना बघताना मला वेगळेच आठवत होते. टोरोंटो अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सकडून ५-४ हरले आणि कॅमेरा त्यांच्या मॅनेजरवर, जॉन श्नायडरवर, गेला. २०२३ च्या प्ले-ऑफमध्ये इथे मिनीयापोलिसला याच श्नायडरने चौथ्या इनिंगमध्ये आपला पिचर बेरिओसला काढले होते. बेरिओसने एकही रन दिली नव्हती. टोरोंटो २-० हरले, बाहेर पडले, आणि सारा कॅनडा त्याच्यावर तुटून पडला. समोरच्या डगआऊटमध्ये हसणारा बाल्डेली. २०२४ मध्ये टोरोंटो ७४-८८, गटात शेवटचे. तरी त्याला ठेवले. आणि काल तो वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होता. त्या दिवशी जिंकलेला आमचा माणूस घरी बसलाय.

---

फिलीतला_नाशिककर | २ नोव्हेंबर

श्नायडरला ठेवले हे चांगलेच केले. पण तो त्या जागेवर आला कसा, तेही सांगायला हवे. १३ जुलै २०२२ ला टोरोंटोने चार्ली मोंटोयोला काढले म्हणून. मोंटोयो तेव्हा ४६-४२ होता. जिंकत होता.

---

फोस्टरसिटीकर | ३ नोव्हेंबर

मोंटोयो मी विसरलो होतो. याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

२५ मार्चला नवा हंगाम इथेच सुरू होतोय, जायंट्स विरुद्ध यांकीज. आमच्या डगआऊटमध्ये व्हिटेलो, समोरच्या डगआऊटमध्ये ॲरन बून. होय, लिटलची नोकरी घालवणारी होम रन मारणारा तोच. आठ हंगाम यांकीजचा मॅनेजर आहे, वर्ल्ड सिरीज अजून एकही नाही, आणि दर ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये त्याच्या नावाने ओरडा होतो. तिकिटे मिळाली तर मुलीला घेऊन जाणार आहे. कोणाला यायचे असेल तर कळवा.