लंडनमध्ये शेअर्ड ओनरशिपचं घर घ्यावं का?

थेम्सकाठ:
आपल्याकडची बरीच मंडळी सध्या लंडनमध्ये शेअर्ड ओनरशिपचे फ्लॅट बघतायत, म्हणून मुद्दाम लिहितोय. घराचा १० ते ७५ टक्के हिस्सा आपण घ्यायचा, उरलेल्याचं भाडं हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे परवडणारी घरं देणाऱ्या संस्थेला, भरायचं. आता हिशेब करा. ४ लाख पौंडांचा फ्लॅट, २५ टक्के हिस्सा १ लाखाचा, त्याच्या १० टक्के म्हणजे डिपॉझिट १० हजार. इथवर गोड वाटतं. पण उरलेल्या ३ लाखांवर वर्षाला २.७५ टक्के भाडं धरलं तर महिन्याला ६८७ पौंड झाले. शिवाय मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा हप्ता. आणि इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज? हिस्सा पाव, पण चार्ज मात्र पूर्ण आपल्याच माथी! माझं ऐकाल तर यात पडू नका. थांबा, पैसे साठवा.

नेहा_क्रॉयडन:
साठवायचे कशातून, दादा? तोच फ्लॅट पूर्ण घ्यायचा तर १० टक्क्यांनी ४० हजार लागतात. घरभाडं आणि नर्सरीची फी भागवून ते कधी जमणार? आम्ही ३० टक्के हिस्सा घेतला. पूर्वी घरमालकाने नोटीस दिली की मुलीची शाळा बदलायची वेळ यायची. आता भिंतीला खिळा ठोकायला कुणाची परवानगी काढावी लागत नाही.

गोदाकाठ:
नेहाताई, खिळ्याचं ठीक आहे, छताचं काय? जुन्या लीजमध्ये, म्हणजे घराच्या दीर्घ मुदतीच्या करारात, दुरुस्तीचा सगळा खर्च हिस्सेदारावरच असतो. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि क्लॅडिंगचा, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचा प्रश्न आला, तेव्हा पाव हिस्सेवाल्यांसमोरही पूर्ण खर्चाचं संकट उभं राहिलं. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने हिश्श्यानुसार मर्यादा घातली खरी, पण तोवर लोकांच्या झोपा उडाल्या होत्या.

नेहा_क्रॉयडन:
ते जुन्या लीजचं झालं. २०२१ च्या नव्या मॉडेलमध्ये पहिली १० वर्षं इमारतीच्या मोठ्या दुरुस्त्या असोसिएशनकडे आहेत, लीज ९९० वर्षांचं आहे, आणि १५ वर्षं दरवर्षी १ टक्का हिस्सा वाढवता येतो. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

थेम्सकाठ:
पण रीसेलला येणारे कितीतरी फ्लॅट जुन्याच लीजचे असतात! त्यात दरवर्षी भाडेवाढ आरपीआय, म्हणजे महागाईचा दर, अधिक अर्धा टक्का. सप्टेंबर २०२२ मध्ये आरपीआय १२.६ टक्के होता, पगार तेवढा वाढला का कुणाचा? पुढे हिस्सा मोठा करायचा तर त्या दिवशीच्या बाजारभावाने, घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरची आणि वकिलाची फी आपल्याच खिशातून. विकायचं म्हटलं तरी आधी असोसिएशनला गिऱ्हाईक शोधायला मुदत द्यावी लागते.

नेहा_क्रॉयडन:
भाडेवाढीचं कलम वाचल्याशिवाय सही करू नये, हे शंभर टक्के मान्य. पण कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या स्वस्त भाड्याच्या घराचा नंबर लागत नाही, पूर्ण घर पगारात बसत नाही, अशा कुटुंबाने जायचं कुठे ते तरी सांगा.

थेम्सकाठ:
लंडनबाहेर. ल्यूटन, रेडिंग.

नेहा_क्रॉयडन:
आणि रात्रपाळी करणाऱ्या नर्सने पहाटे घरी यायचं कसं?