मारुती जिप्सीचा स्टिअरिंग नकल: नुसती बेअरिंग की अख्खाच बदलायचा?
दादा, चाक डुगडुगतंय नि मिस्त्री सरळ अख्खा नकल (पुढचं चाक ज्यावर बसतं नि वळतं तो लोखंडी भाग) बदला म्हणतोय, तर जरा थांबा. पुढचं चाक जॅकवर उचला, वरखाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग, तरी राहिला तर किंगपिनची (नकल ज्यावर वळतो त्या पिनची) बेअरिंग, आणि तेवढं असेल तर बेअरिंग, शिम (पातळ चकत्या), सील बदलून भागतं. नकल बाद होतो तो टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) बसतो ते निमुळतं भोक लांबट झालं की, किंवा तडा गेला की. वेल्डिंग भरून रीमर (भोक साफ कापायचं हत्यार) मारून देतो म्हणणारे भेटतील, अजिबात ऐकू नका, फोंडा घाट उतरताना स्टिअरिंग सुटलं तर काय करणार?

आणि आपल्या देवगड-मालवणकडे खाऱ्या वाऱ्याने नट असले धरतात ना, आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. टायरॉड एंड सोडवताना आट्यांवर हातोडा नको, नकलच्या आर्मला बाजूने ठोका, सुटतो. किनाऱ्यावर होडी ओढायला गाडी नेत असाल तर नकलच्या मागचा गोळा पुसून बघाच, ग्रीसमध्ये वाळू करकरली म्हणजे सील कधीच गेलंय. स्प्लिट पिन नवीनच घाला, शेवटी टो (पुढची चाकं सरळ रेषेत आहेत का ते) चेक करून घ्या.