वाऱ्यावर हलणारी कला बिल्डिंगवर हवी की नको?

सिंगापूरकर: मरिना बे सँड्स हॉटेलची पश्चिमेकडची काचेची बाजू काहींनी बघितली असेल. नेड कान नावाच्या कलाकाराने तिथे ॲल्युमिनियमच्या छोट्या छोट्या पट्ट्या लावल्यात, तब्बल २ लाख ६० हजार, वरच्या कडेला अडकवलेल्या आणि खालून मोकळ्या. नाव 'विंड आर्बर'. वारा पडलेला असला की नुसती करडी जाळी दिसते, लक्षही जात नाही. पण दुपारी पाऊस यायच्या आधी जो वारा सुटतो ना, तेव्हा मी एकदा खाली उभी होते आणि भाताच्या शिवारावरून झुळूक पळते अगदी तशी लाट त्या भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग दुसरी, मग मध्येच दोन्ही एकमेकींत मिसळल्या. अंगावर काटा आला. मोटर नाही, वीज नाही, वर मावळतीचं ऊनही अडतं. आपल्याकडे टाउनशिपच्या गेटवर फायबरचे घोडे आणि रात्रभर एलईडी लावतात त्यापेक्षा हे शंभरपट चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोसायटीवाला (पुणे): ताई, फोटोत सगळं छान दिसतं. आमच्या गेटवर बिल्डरने वाऱ्यावर फिरणारं मोठं स्टीलचं चक्र लावून दिलेलं, ब्रोशरच्या पहिल्या पानावर होतं ते. दोन पावसाळे झाले आणि बेअरिंग जाम, मग रात्री करकर आवाज, पहिल्या मजल्यावरच्या आजींना झोप येईना. बिल्डर म्हणाला हँडओव्हर झालंय आता तुमचं तुम्ही बघा. शेवटी वॉचमनने ते सुतळीने बांधून टाकलं, आजही बांधलेलंच आहे. त्याच पैशात चार झाडं लावली असती तर तीपण वाऱ्यावर हललीच असती की, आणि सावली मिळाली असती.

सिंगापूरकर: झाडांचा मुद्दा मान्य, झाडं हवीतच. पण तुमचं चक्र एका बेअरिंगवर होतं, ते गेलं की सगळंच गेलं. विंड आर्बरमध्ये प्रत्येक पट्टी सुटी हलते, पन्नास अडकल्या तरी खालून कुणाला कळणार नाही. ब्रिस्बेन एअरपोर्टच्या पार्किंगची अख्खी भिंत याच कलाकाराने अशीच केलीये, २०११-१२ च्या सुमारास, आणि पट्ट्यांमधून हवा खेळते म्हणून आत गाड्यांचा धूरही कोंडत नाही. म्हणजे दोष कलेचा नाही, एका बेअरिंगवर सगळं टांगणाऱ्या डिझाइनचा आहे.

स्ट्रक्चरवाला: इंजिनियर म्हणून सांगतो, वाऱ्याशी खेळणं इतकं सोपं नाही. मँचेस्टरचा बीथम टॉवर २००६ चा, ४७ मजली, त्याच्या माथ्यावर काचेचं एक पातं आहे, ते कला म्हणून नाही तर इमारतीचा भाग म्हणूनच बसवलेलं. जोराच्या वाऱ्यात ते गुणगुणतं, आवाज लांबवर जातो. फोम लावला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, तरी पूर्ण थांबला नाही. कडेवरून वारा कापला जाताना भोवरे सुटतात आणि काठीच्या टोकाला बांधलेल्या पातळ पट्टीपासून उंच इमारतीपर्यंत कुठेही त्यांचा सूर लागू शकतो. लोकवस्तीत काही लावणार असाल तर आधी विंड टनेल टेस्ट करा, म्हणजे बोगद्यात कृत्रिम वारा सोडून मॉडेल तपासा, नाहीतर लावूच नका.

किनाऱ्यावरची: मी सिंगापूरकरांच्या बाजूने, पण काच आणि ॲल्युमिनियमच का? जॅनेट एकलमन नावाची अमेरिकन कलाकार १९९७ मध्ये महाबलीपुरमला आलेली, तिचे रंग वेळेवर पोचलेच नाहीत, आणि मग किनाऱ्यावर मच्छीमारांची जाळी बघून त्यांच्याबरोबर ती काम करायला लागली. त्यातूनच पुढे पोर्तुगालात पोर्तोजवळ २००५ चं तिचं 'शी चेंजेस' झालं, रस्त्याच्या सर्कलवर टांगलेलं प्रचंड जाळं, वारा आला की फुगतं आणि खाली बसतं. गाठी मारायची कला आपल्या किनाऱ्यावरची, आणि आपल्या शहरात तिचा एक तुकडा टांगायला कुणाला सुचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. कोळीवाड्यातल्या मावशीला विचारा, कुठला दोरा उन्हाने खराब होतो आणि कुठला टिकतो ते ती हात लावून सांगेल.

सोसायटीवाला (पुणे): मावशींना काम मिळणार असेल तर मी विरोध करणार नाही. पण माझी अट तीच. बिल्डरने दहा वर्षांचा मेंटेनन्सचा पैसा आधी बाजूला काढून ठेवायचा, करारात लिहून द्यायचं, आणि वर्षातून एकदा कोण चढून साफ करणार त्याचं नावही त्यातच हवं. तोपर्यंत आमची सुतळी सुटणार नाही.