मदत हवी आहे: ३ फुटी फिश टँकला सिलिकॉनच्या ट्यूब किती लागतील? (तातडीचे)

तडकाफडकी
घरीच फिश टँक करतोय. तीन बाय दीड बाय दीड. काचा घरात आहेत, तो प्रश्न नाही. फक्त सिलिकॉनच्या ट्यूब किती लागतील तेवढं सांगा. यूट्यूबवर एक जण एका ट्यूबमध्ये उरकतो, दुसरा चार म्हणतो. इथे चिपळुणात आमच्या हार्डवेअरवाल्याकडे एकच शिल्लक आहे. जास्त लागणार असतील तर भाऊ आज रत्नागिरीत आहे, त्याला सांगतो. तो चारला निघेल. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत टाकी लागली पाहिजे.

गप्पीदास
काच किती एमएमची? वरून पट्टी मारणार का? सिलिकॉन कुठलं?

तडकाफडकी
जाडी नेहमीची असते तेवढी. पट्टी कसली? ट्यूबचा आकडा सांगा हो कुणीतरी.

काचबिंदू
"नेहमीची" अशी काच नसते. धंद्यात आहे म्हणून सांगतो, खिडकीला ४, शोकेसला ५-६, टेबलाला ८ ते १२. मोजपट्टी घ्या आणि मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

सुमाकाकू
टाकी ईशान्येला ठेवा हं. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, घरावरचं संकट तो काळा स्वतःवर घेतो म्हणतात. आमच्याकडे असंच आहे, काळा मेला की लगेच दुसरा आणतो आम्ही.

वेंधळा
काकू, त्या काळ्याला कुणीतरी सांगा की त्याची भरती कशासाठी झालीय.

हिशेबनीस
विचारलंय त्याचं उत्तर कुणी देत नाहीये म्हणून देतो. काच ८ एमएम धरली आहे.

तळाच्या चार कडा आणि चार उभे कोपरे मिळून जोड होतो साधारण १८० इंच, म्हणजे ४.५७ मीटर. दोन काचांच्या मध्ये सिलिकॉनचा थर दीड एमएम हवा. ८ गुणिले दीड गुणिले लांबी, ५५ मिली. आतल्या कोपऱ्यातून फिरणारी तिरकी पट्टी ८ बाय ८ च्या त्रिकोणाची धरली तर १४६ मिली. एकूण २०० च्या आसपास. नळी २८० मिलीची असते. म्हणजे कागदावर एक पुरते.

आता प्रत्यक्षात. काच बसवताना तुम्ही मोजून ५५ मिली घालत नाही, ६ एमएमची गोल रेघ ओढता आणि काच दाबता. तशी रेघ ४.५७ मीटर म्हणजे १३० मिली. जास्तीचं बाहेर येतं, थोडं आतल्या पट्टीत जातं, बरंचसं ब्लेडने खरवडून फेकलं जातं. १३० अधिक १४६, झाले २७६. नळी २८० ची! नोझलमध्ये राहतं ते वेगळं. टाकीच्या वरच्या कडेला आधाराला काचेच्या पट्ट्या मारतात, त्या अजून धरलेल्याच नाहीत. दोन घ्या.

गप्पीदास
दोन नाही, तीन. आणि ८ ची आतली पट्टी कशाला? ६ पुरे. टाकी दिसायला घाणेरडी होते.

हिशेबनीस
६ ची केली तर ८२ मिली लागतं, म्हणजे तुमच्याच हिशेबाने माल वाचतो. मग तिसरी कशाला?

गप्पीदास
हात थरथरतो म्हणून. पहिली टाकी करणाऱ्याचा निम्मा माल हाताला, टेबलाला आणि घरच्या मांजराला लागतो. शिवाय मध्येच नळी संपली आणि माणूस दुकानात गेला की तो जोड गेला. सुकलेल्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन नीट धरत नाही. एका काचेची रेघ सुरू केली की ती पुरी झाली पाहिजे. वरून पाच-दहा मिनिटांत साय धरते.

हिशेबनीस
शेवटच्या मुद्द्याशी सहमत. पण ताकद काचांच्या मधल्या थरात असते, आतली पट्टी त्या थराला राखायला असते. म्हणून काच दाबून सगळं सिलिकॉन पिळून काढू नका. टाइल्सवाल्याचे दीड एमएमचे स्पेसर मिळतात, ते मध्ये ठेवायचे. पहिला थर वाळला की काढायचे आणि भोकं भरून घ्यायची.

आडवाटे
कशाला एवढा खटाटोप? बाहेरून सगळीकडे एम-सील मारा. आमची गच्चीवरची टाकी वर्षानुवर्षं टिकलीय.

काचबिंदू
गच्चीवरची टाकी सिंटेक्सची की काचेची? काच पाण्याच्या दाबाने किंचित बाहेर वाकते. एम-सील दगडासारखं कडक होतं, ते काचेबरोबर हलत नाही, कडेने सुटतं. आणि बाहेरून लावून उपयोग काय, पाणी आतून ढकलतंय.

आडवाटे
अनुभवाचं बोललो. ज्याला पटेल त्याने घ्यावं.

तडकाफडकी
मोजली. ५ एमएम. काकांचं मेडिकल बंद झालं तेव्हाच्या शोकेसच्या काचा आहेत. कापून घेणार आहे. दोन ट्यूब ना मग? हार्डवेअरवाला म्हणतो त्याच्याकडची "बाथरूम-किचन, अँटी-फंगल" आहे, जास्त चांगली.

गप्पीदास
हेच पहिल्या पोस्टीत लिहिलं असतं तर!

ती ट्यूब नको. बुरशी मारायचं औषध घातलेलं असतं त्यात. ते माशांनाही सोसत नाही. शंभर टक्के सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते घ्या. जीपी, म्हणजे जनरल पर्पज, म्हणून मिळतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत मत्स्यालयाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि मुदत बघा. मुदत उलटलेलं चिकटच राहतं, सुकत नाही.

काचबिंदू
सिलिकॉन राहू दे बाजूला. काचांच्या कोपऱ्यात छोटासा शिक्का आहे का बघा, खरवडल्यासारखा पांढरा. असेल तर ती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. टफन्ड काच कापता येत नाही, काच कापायची हिरकणी लावली की तिचे खडे होतात. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात तिरकं बघा, ठिपके किंवा पट्टे दिसले तर टफन्ड.

तडकाफडकी
ऊन कुठलं आणणार, चार दिवस पाऊस लागलाय. दोन काचांवर शिक्का आहे, तिघींवर नाही. तिघी कापता येतील ना?

काचबिंदू
गॉगलने बघून साध्या ठरल्या तर येतील. पण ५ ची काच दीड फूट उंचीला? मी कापून देणार नाही.

वेंधळा
रुंदी दीडऐवजी एक फूट करा, पाणी कमी, दाब कमी. सोपं आहे.

हिशेबनीस
नाही. समोरच्या काचेवरचा दाब टाकीच्या रुंदीवर ठरत नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो. मागे एक फूट पाणी असो की अरबी समुद्र, काचेला फरक पडत नाही. तीन फूट लांब, दीड फूट उंच काचेवर भरलेल्या टाकीत साधारण ९५ किलोचा जोर येतो, तोही तळाशी जास्त. तीच टाकी दोन फूट लांब, एक फूट उंच केली तर २८ किलो. म्हणून म्हणतो, ५ च्या काचेत करायचंच असेल तर दोन बाय एक बाय एक करा. जोड तीनच मीटर. एक ट्यूब पुरून उरेल. बाजूच्या काचा पुढच्या-मागच्याच्या मध्ये बसवाल तर साडेअकरा इंच कापा, बारा नव्हे.

तडकाफडकी
दोन फुटी टाकी काय दाखवायची मुंबईकरांना? त्यांच्याकडे त्याहून मोठा टीव्ही आहे. तीनच फूट. मग काच कुठली?

काचबिंदू
८ ची साधी, वरून आडव्या पट्ट्या मारून. पट्टी नको असेल तर १०. तळ, पुढची, मागची प्रत्येकी साडेचार चौरस फूट, बाजू सव्वादोनच्या दोन, एकूण १८ चौरस फूट. वजन ३३ किलो, रिक्षा करा. बाजूच्या काचा १७ इंच २ सूत, म्हणजे सव्वासतरा इंच सांगा. दोन्हीकडे ८ ची जाडी गेली की दीड-दीड एमएम सिलिकॉनला उरतं. कडा घासून घ्या, पण जोडाच्या कडांना चकचकीत पॉलिश नको. पट्ट्या ३ इंच रुंदीच्या, लांबीच्या दोन्ही बाजूंनी.

आडवाटे
एवढ्यात तयार टाकी मिळते. घडी घातल्यासारखे गोल कोपरे असलेली, जोडच नाही.

गप्पीदास
समोरचा जोड नाही, मागचे आहेतच. आणि तीन फुटी तशी आणायला चिपळूणपर्यंत ट्रान्सपोर्ट कोण देणार?

तडकाफडकी
भावाला फोन केला, जीपी ट्रान्सपरंट दोन सांगितल्या. तिसरी नको म्हणाला, पैसे तूच दे म्हणाला. आता दोनच प्रश्न. पावसात सुकेल का? आणि काच पुसायची कशाने?

सुमाकाकू
हेअर ड्रायर फिरवा. आमच्या ह्यांनी बेसिनला तसंच केलं.

हिशेबनीस
नको. हे सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच जमतं, पावसाळा त्याला चांगलाच. काच मात्र कोरडी हवी, दमट हवेत तिच्यावर धुकं धरतं. ॲसिटोनने पुसा, पांढऱ्या सुती फडक्याने. नेलपॉलिश काढायचं नको, त्यात तेल असतं कधीकधी. पुसल्यावर कडेला बोट लावू नका. जोडाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप मारा आणि सिलिकॉन ओलं असतानाच सोलून काढा.

गप्पीदास
आतली पट्टी आइस्क्रीमच्या काडीने ओढा. साबणाचं पाणी लावून बोटाने ओढतात काही जण, पण ते पाणी न भरलेल्या जोडात गेलं की तिथे धरत नाही.

दिवसाला दोन-तीन एमएम आतपर्यंत सुकतं. किमान आठवडा थांबा, वास पूर्ण गेला पाहिजे. मग पडवीत किंवा अंगणात, खाली थर्मोकोल घालून, पाणी भरून दोन दिवस ठेवा. घरात नाही.

तडकाफडकी
आठवडा आणि वर दोन दिवस? गणपती बारा दिवसांवर आहेत. मासे कधी सोडू?

गप्पीदास
गणपतीनंतर. नव्या पाण्यात माशांच्या विष्ठेतला अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, ते वाढायला तीन-चार आठवडे जातात. सगळे मासे एकदम सोडलेत तर आरतीच्या वेळी एकेक उलटा तरंगेल. कुणाच्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर आणून फिल्टरमध्ये टाका, वेळ वाचतो. तोवर वाळू, दगड, वनस्पती लावून ठेवा. पाणी आणि दिवा असला तरी मंडळी बघत बसतात.

सुमाकाकू
माझ्या गप्पीच्या शेपटीला पांढरं काहीतरी आलंय, मीठ टाकू का?

गप्पीदास
काकू, वेगळा धागा काढा आणि फोटो टाका. ठिपके की कापसासारखं, त्यावर औषध ठरतं.

हिशेबनीस
एक राहिलंच. १७० लिटर पाणी, ३३ किलो काच, वाळू-दगड पंचवीस-तीस. सगळं मिळून २३० किलोच्या आसपास. स्टँड कशाचा?

तडकाफडकी
त्याच शोकेसचा खालचा भाग. सरकती दारं आहेत, सामानही राहील.

काचबिंदू
मेडिकलच्या शोकेसचं प्लाय औषधांच्या खोक्यांसाठी असतं. फॅब्रिकेटरकडून दीड इंची अँगलचा स्टँड करून घ्या, वर १८ एमएमचं प्लाय, त्यावर थर्मोकोल. वरचा भाग पातळीत आहे का ते पाणी भरायच्या आधी लेव्हलने बघा. एक कोपरा खाली राहिला तर तळाची काच तडकते, तिथे सिलिकॉन कितीही चांगलं असून उपयोग नाही. जमिनीवर मातीच्या फरश्या आहेत की काँक्रीट?

तडकाफडकी
भाऊ निघाला. ट्यूब मिळाल्या. काचवाला पाचला बंद करतो म्हणतात, लाईटही गेलीय. बाकीचं रात्री वाचतो.